चव्वेचाळीस हजार शंभर

सोनी कंपनीनं 1978 साली बाजारात आणलेल्या पीसीएम-1600 या यंत्रावर मुद्रित केलेली यूमॅटिक व्हिडिओ कॅसेट साध्या टीव्हीवर लावली, तर पडद्यावर ओळखू येईल असं काहीच दिसत नसे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळींनी पडदा भरून जाई आणि ते ठिपके सतत लुकलुकत राहत. प्रत्येक ओळीत डाव्या चॅनलचे तीन आणि उजव्या चॅनलचे तीन असे सहा आकडे असत, आणि त्यांच्या शेपटीला चुका दुरुस्त करण्यासाठी जोडलेले आणखी काही ठिपके. व्हायोलिनचा ताफा, पितळी वाद्यं, सभागृहातली खाकरणी हे सगळं त्या ठिपक्यांत होतं. व्हिडिओ रेकॉर्डरला मात्र आपण चित्रच मुद्रित करतो आहोत असं वाटत होतं.

संगीताच्या सीडीवर दर सेकंदाला आवाजाच्या लहरीचे 44,100 नमुने, म्हणजे मोजमापं, असतात, ही संख्या त्या पडद्यावरून आलेली आहे. ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या मुलांना हा सॅम्पल रेट पहिल्याच दिवशी पाठ करायला लावतात आणि माणसाच्या कानाच्या मर्यादेवरून तो ठरला असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. कानानं फक्त खालची सीमा आखून दिली. त्या सीमेच्या वर 45,000 चालले असते, 50,000 चालले असते, आणि 50,000 वापरणारी यंत्रं तेव्हा अस्तित्वातही होती. तरी 44,100 च का, याचं उत्तर टीव्हीच्या रेषांत आणि दोन कंपन्यांच्या वाटाघाटीत सापडतं. त्या निवडीची किंमत पुढची चाळीस वर्षं रूपांतराच्या कामात मोजावी लागली.

आधी कानाचं गणित. बेल कंपनीतले हॅरी नाइक्विस्ट यांनी 1928 मध्ये तारायंत्राच्या संदेशांविषयी लिहिताना या विचाराचा पाया घातला. एडिंबरामध्ये व्हिटेकर यांनी 1915 मध्ये आणि सोव्हिएत रशियात कोटेलनिकोव्ह यांनी 1933 मध्ये त्याचं गणित आपापल्या परीनं मांडलेलं होतं. 1949 मध्ये क्लॉड शॅनन यांनी ते सर्वांना वापरता येईल अशा रूपात समोर ठेवलं. आवाजातलं सर्वांत वेगवान कंपन जितकं असेल, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा दर सेकंदाला नमुना घेतला, तर मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. इथे ‘जशीच्या तशी’ हे शब्दशः खरं आहे. दोन नमुन्यांमधलं काही हरवत नाही आणि पायऱ्या पडत नाहीत. डिजिटल आवाजाला पायऱ्या असतात, हा गैरसमज अजूनही जिवंत आहे, याचं मला वाईट वाटतं.

अट एकच, आणि ती कडक आहे. निम्म्या दराच्या वरचं कंपन आत शिरता कामा नये. सेकंदाला 44,100 नमुने घेताना 30,000 हर्ट्झचं कंपन आत आलं, तर ते 14,100 हर्ट्झचा सूर होऊन ऐकू येतं. मूळ वादनात तो सूर नव्हताच, आणि एकदा मिसळला की त्याला वेगळा काढता येत नाही. जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, तोच हा प्रकार. म्हणून नमुने घेण्याआधी फिल्टर लावावा लागतो. 20,000 हर्ट्झपर्यंतचं सगळं सोडायचं आणि त्याच्या थोडं वर सगळं अडवायचं. असा फिल्टर एका झटक्यात बंद होत नाही, त्याला उतरायला थोडी जागा लागते. त्यामुळे 40,000 पुरत नाहीत, वर थोडा गाळा ठेवावा लागतो. तो किती ठेवायचा हे गणित सांगत नाही.

ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानं पॅरिसमध्ये 1937-38 च्या सुमारास आवाज आकड्यांत पाठवण्याची कल्पना मांडली. ती प्रत्यक्ष वापरात यायला दोन तपं लागली. 1962 मध्ये बेल कंपनीच्या टेलिफोन तारांवरून सेकंदाला 8,000 नमुन्यांनी बोलणं जाऊ लागलं. फोनवरच्या बोलण्याला 3,400 हर्ट्झ पुरतात, म्हणून 8,000 पुरले. संगीताचं तसं नव्हतं.

संगीतासाठी पहिलं पाऊल टाकलं ते जपानच्या सार्वजनिक नभोवाणीनं. एनएचकेच्या संशोधन प्रयोगशाळेत हेइतारो नाकाजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये एक-चॅनल डिजिटल रेकॉर्डर उभा केला. त्याचा दर 30,000 होता. दोन वर्षांनी दोन चॅनलचा आला, 32,000 चा. एफएम प्रक्षेपणात 15,000 हर्ट्झच्या वर काही जात नाही, त्यामुळे नभोवाणीला 32,000 भरपूर होते. बीबीसीनंही पुढे आपल्या प्रक्षेपण केंद्रांपर्यंत कार्यक्रम पोहोचवायला हाच दर घेतला.

नाकाजिमांपुढची खरी अडचण नमुने घेण्याची नव्हती, ते ठेवायचे कुठे ही होती. दोन चॅनल, 16 बिट आणि 44,100 नमुने असा हिशेब केला तर सेकंदाला 14,11,200 बिट होतात. त्या काळच्या ध्वनिमुद्रण फितीला हे झेपणं शक्य नव्हतं. तिच्या यंत्राचं मुद्रणशीर्ष स्थिर असतं आणि फीत त्याच्यावरून सरकते. व्हिडिओ रेकॉर्डरचं शीर्ष मात्र स्वतः गरगर फिरतं, त्यामुळे त्याच फितीवर कितीतरी जास्त माहिती मावते. एवढी माहिती रिचवू शकणारं आणि सहज विकत मिळणारं यंत्र व्हिडिओ रेकॉर्डरच होतं. मग आकड्यांना चित्राचा वेश चढवून ते त्या यंत्राच्या गळी उतरवायचे, अशी युक्ती निघाली. नाकाजिमा 1971 मध्ये सोनीत गेले आणि ही युक्ती बरोबर घेऊन गेले. सीडीच्या इतिहासात त्यांचं नाव जितक्या ठळकपणे यायला हवं तितकं येत नाही.

मधल्या काळात डेनॉननं, म्हणजे निप्पॉन कोलंबियानं, आपलं यंत्र बांधलं. एप्रिल 1972 मध्ये टोकियोच्या आओयामा टॉवर हॉलमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या स्मेताना चौकडीनं मोत्झार्ट वाजवला, तो या यंत्रावर मुद्रित झाला. आठ चॅनल, 13 बिट आणि 47,250 चा दर. ही संख्या विचित्र वाटते. पण जपानी-अमेरिकन कृष्णधवल टीव्हीवर सेकंदाला 15,750 रेषा काढल्या जात आणि प्रत्येक रेषेत तीन नमुने घातले की बरोबर 47,250 होतात. दर आता टीव्ही ठरवू लागला होता.

अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅम यांनी व्हिडिओचा रस्ता धरलाच नाही. वॉटरगेट प्रकरणातल्या टेपवर साडेअठरा मिनिटांची मोकळी जागा सापडली, तेव्हा तिची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञमंडळात ते होते. ऑपेरा गायक कारुसोच्या जुन्या तबकड्यांचा आवाज त्यांनी संगणकाच्या साहाय्यानं स्वच्छ केला. 1975 मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांनी साउंडस्ट्रीम कंपनी काढली आणि उपकरणांच्या नोंदी ठेवणाऱ्या मजबूत टेपयंत्राला आपल्या कामाला जुंपलं. 1976 मध्ये सांता फे ऑपेराचं मुद्रण झालं ते 37,500 नं. पुढच्या यंत्रात दर 50,000 वर गेला आणि त्याच यंत्रावर टेलार्क या तबकडी कंपनीनं एप्रिल 1978 मध्ये क्लीव्हलंडच्या सेव्हरन्स हॉलमध्ये फ्रेडरिक फेनेल यांचा वाद्यताफा मुद्रित केला. 3एमच्या यंत्राचा दरही 50,000 च्या घरात होता. मित्सुबिशीनं 50,400 घेतला. डेक्कानं लंडनमध्ये स्वतःसाठी बांधलेलं यंत्र 48,000 वर चाले, आणि 1979 चा व्हिएन्नाचा नववर्षाचा जलसा त्यावर मुद्रित झाला.

म्हणजे 1980 च्या उंबरठ्यावर जगात अर्धा डझन दर होते आणि एकाची फीत दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नव्हती.

सोनीचं गणित या सगळ्यांत चलाख होतं. जपान-अमेरिकेचा टीव्ही तेव्हा 525 रेषांचा, सेकंदाला 60 अर्धचित्रं. युरोपचा 625 रेषांचा, सेकंदाला 50 अर्धचित्रं. आपला दूरदर्शन दुसऱ्या गटातला. प्रत्येक अर्धचित्राच्या कडेच्या काही रेषा वापरता येत नाहीत, कारण तिथे यंत्र एका शीर्षावरून दुसऱ्यावर जातं. त्या सोडून पहिल्या पद्धतीत 245 रेषा घेतल्या आणि दर रेषेला तीन नमुने धरले, तर 60 गुणिले 245 गुणिले 3 म्हणजे 44,100. दुसऱ्या पद्धतीत 294 रेषा घेतल्या, तर 50 गुणिले 294 गुणिले 3, पुन्हा 44,100. टोकियोत विकल्या जाणाऱ्या आणि हॅम्बर्गमध्ये विकल्या जाणाऱ्या यंत्रांना एकच दर चालत होता. हे जमलं याचं कारण संख्येच्या पोटात आहे. 44,100 हा 210 चा वर्ग, म्हणजे 2, 3, 5 आणि 7 या पहिल्या चार मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकार. दोन्ही खंडांच्या हिशेबाला तो बिनबाकी भागला जातो.

रंगीत टीव्हीनं मात्र या हिशेबात एक खडा टाकला. अमेरिकन रंगीत पद्धतीत अर्धचित्रं 60 नसून 59.94 असतात. त्यामुळे रंगीत टीव्हीच्या घड्याळावर चालणारी यंत्रं 44,056 नमुने घेत. फरक हजारात एकाचा आहे. तासाभराच्या मुद्रणात तो साडेतीन सेकंदांच्या वर जातो.

फिलिप्सनं 8 मार्च 1979 रोजी आइंडहोवनला आपली लेझर तबकडी वार्ताहरांना ऐकवली. तिचा व्यास 11.5 सेंटिमीटर होता आणि नमुना 14 बिटचा. लगोलग त्यांची माणसं जपानला गेली आणि सोनीशी हातमिळवणी झाली. पुढे वर्षभर दोन्हीकडचे अभियंते पाळीपाळीनं आइंडहोवन आणि टोकियोत भेटत राहिले. फिलिप्सकडून कीस इम्मिंक होते, सोनीकडून तोशितादा दोई. सोनी 16 बिटसाठी अडून बसली. फिलिप्सकडे तयार होती ती 14 बिटची चिप. शेवटी 16 ठरले. तबकडी 12 सेंटिमीटरची झाली आणि वेळ 74 मिनिटांवर गेली. या 74 मिनिटांमागे बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची गोष्ट सांगितली जाते. ती लोकांना आवडते, पण इम्मिंक यांनी स्वतः तिच्याविषयी शंका घेतली आहे. फिलिप्सशी संलग्न असलेल्या पॉलिग्राम या तबकडी कंपनीकडे 11.5 सेंटिमीटरच्या तबकडीची तयारी पुढे गेलेली होती, आणि व्यास बदलल्यावर ती आघाडी बुडाली, हे कारण ते जास्त वजनदार मानतात.

दराविषयी अशी कुठलीच रसाळ गोष्ट नाही. तबकडीच्या कारखान्यात मूळ मुद्रण कशावरून येणार, हा प्रश्न होता. हातात होती ती यूमॅटिक कॅसेट आणि सोनीचं यंत्र. त्यावर 44,100 होते, म्हणून तबकडीवर 44,100 आले. 1980 च्या उन्हाळ्यात हा तपशील रेड बुक नावाच्या मानकात नोंदला गेला. 1 ऑक्टोबर 1982 ला जपानमध्ये सीडीपी-101 हा वादक 1,68,000 येनना विक्रीला आला. फिलिप्सनं आपल्या 14 बिटच्या चिपवरही हुशारीनं मात केली. वाजवण्याआधी यंत्रातच दर चौपट, म्हणजे 1,76,400 करायचा आणि उरलेली चूक ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकलायची. दर बदलण्याची ही क्रिया घराघरांतल्या फिलिप्सच्या सीडीवादकात अशी पहिल्या दिवसापासून चालू होती. ऐकणाऱ्याला तिचा पत्ताही नव्हता.

तिकडे नभोवाणी आणि चित्रपटवाल्यांना 44,100 नको होते. चित्रपटाची 24 चित्रं घ्या, युरोपच्या टीव्हीची 25 किंवा कृष्णधवल अमेरिकन टीव्हीची 30. 48,000 ला तिन्हींनी पूर्ण भाग जातो आणि दर चित्रामागे अनुक्रमे 2,000, 1,920 आणि 1,600 नमुने येतात. नभोवाणीच्या 32,000 शीही नातं सरळ तीनास दोनचं. 44,100 ला 24 नं भागा, 1,837 आणि वर अर्धा नमुना. अर्ध्या नमुन्यावर फीत कापता येत नाही. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीनं 1984 मध्ये व्यावसायिक कामासाठी 48,000 ची शिफारस केली. सीडी मात्र दोन वर्षांपासून दुकानात होती.

आता या दोन दरांमधलं नातं पाहू. 44,100 चं मुद्रण 48,000 च्या घड्याळावर तसंच सोडलं, तर तीन मिनिटांचं गाणं 165 सेकंदांत संपतं आणि सूर पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीनं चढतो. काळी एकमध्ये गायलेला ख्याल पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या अधेमधे जाऊन बसतो. तिथे पेटीवर पट्टीच नाही. असा बिघाड आजही होतो, आणि तो ऐकणाऱ्याला आधी गायकच बिघडलेला वाटतो.

योग्य रूपांतर करायचं तर 44,100 ला 160 नं गुणून 147 नं भागायचं. याहून लहान गुणोत्तर नाही. प्रत्येक दोन नमुन्यांमध्ये 159 शून्यं भरायची, म्हणजे दर सेकंदाला 70,56,000 वर जातो. मग फिल्टरमधून काढायचं, म्हणजे त्या शून्यांच्या जागी मूळ लहरीच्या किमती उमटतात. आणि मग प्रत्येक 147 वा नमुना ठेवून बाकीचे टाकून द्यायचे. प्रत्यक्षात कुणी सत्तर लाख नमुने काढत नाही. जे टाकायचे ते मोजायचेच नाहीत आणि शून्यानं गुणाकार करायचाच नाही, असं काटकसरीचं गणित बेल प्रयोगशाळेत क्रोशिएर आणि रॅबिनर यांनी सत्तरच्या दशकात बसवलं. उलट दिशेनं, 48,000 वरून 44,100 वर उतरताना, फिल्टर आणखी जपून लावावा लागतो. 22,050 च्या वरचं काही राहिलं तर ते खोटा सूर होऊन परततं.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या रेगेन्सडॉर्फला स्टुडर कंपनीत रॉजर लागादेक आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी, ज्यांत डॅनिएल वाइस होते, हे काम 1981-82 मध्ये खऱ्या यंत्रात उतरवलं. त्यांचा रूपांतरक कुठल्याही दरावरून कुठल्याही दरावर, आवाज चालू असतानाच, जाऊ शकत होता. 160 भागिले 147 असं ठरावीक गुणोत्तर त्यांनी गृहीत धरलं नाही. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दोन यंत्रांवर 48,000 लिहिलेलं असलं, तरी प्रत्येकाचा स्फटिक वेगळा असतो. दहा लाखांत दहाचा फरक पडला, तरी दर दोन सेकंदांनी एक नमुना जास्त होतो किंवा कमी पडतो आणि टिक् असा आवाज येतो. लागादेक यांच्या यंत्रानं दोन्ही घड्याळांचं खरं नातं सतत मोजत राहायचं आणि त्यानुसार फिल्टर बदलत राहायचा. ज्यांना फक्त गाणं ऐकायचं असतं, त्यांनी या माणसांची नावं ऐकलेली नसतात. मला ती सीडीच्या जनकांच्या जोडीला ठेवावीशी वाटतात.

यानंतरचं प्रकरण कडू आहे. 1987 मध्ये जपानमध्ये डॅट ही डिजिटल ध्वनिमुद्रणाची कॅसेट आली. लहान, स्वस्त होत जाणारी आणि सीडीइतकीच चांगली. सीडीची नक्कल घरोघर होईल म्हणून तबकडी कंपन्या घाबरल्या. घरगुती यंत्रांना 44,100 वर मुद्रण करण्याची मुभाच ठेवली गेली नाही. 48,000 वर मुद्रण करा, 32,000 वर करा, पण सीडीचा दर सोडून. दोन दरांमधलं वाकडं नातं इथे कुलूप म्हणून वापरलं गेलं. सीबीएसनं याहून पुढची सूचना केली. गाण्यातून 3,800 हर्ट्झच्या आसपासची बारीक फट कापून टाकायची आणि ती फट दिसली की रेकॉर्डरनं थांबायचं. ही जागा पियानोच्या वरच्या टोकाच्या पट्ट्यांची. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सनं 1988 मध्ये तपासणी करून सांगितलं की आवाज बिघडतो आणि कुलूपही नीट लागत नाही. तोवर सोनीनं सीबीएसचा तबकडी व्यवसाय विकत घेतला होता. या कुलपामुळे चोरी किती थांबली ते असो, त्रास झाला तो संगीतकारांना. ज्या छोट्या गटानं आपलं स्वतःचं वादन घरच्या डॅटवर 48,000 नं मुद्रित केलं, त्याला सीडी काढताना रूपांतराशिवाय गत्यंतर उरलं नाही, आणि तेव्हाचे स्वस्त रूपांतरक चांगले नव्हते.

नव्वदच्या दशकात रूपांतर एका चिपमध्ये मावलं आणि पुढे संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये. आज चांगल्या प्रोग्रॅमनं केलेलं रूपांतर कानाला ओळखता येत नाही, हे मी ठामपणे म्हणतो. वाईट रूपांतर अजूनही होतं, पण ते घाईमुळे आणि निष्काळजीपणामुळे, गणितामुळे नाही. डीव्हीडीच्या चित्रपटात 44,100 ला जागाच ठेवली नव्हती. गाण्यांच्या ऑनलाइन संग्रहात तो बहुसंख्य आहे. त्यामुळे मराठी चित्रपटाचं गाणं सीडीच्या दरानं तयार झालं असेल, तर पडद्यावर जाताना ते 48,000 चं होतं. चित्रपटाच्या हिशेबानं 48,000 चं केलेलं असेल, तर तबकडीसाठी 44,100 वर उतरतं.

जुन्या फितींचं काय, हा प्रश्न आता संग्रहालयांपुढे आहे. 44,056 ची कॅसेट 44,100 म्हणून नोंदली गेली, तर सगळा संग्रह हजारात एकानं वेगात धावतो आणि कुणाच्या कानाला ते कळत नाही. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जतनासाठी किमान 48,000 आणि 24 बिटचा दंडक घातला आहे, शक्य तिथे 96,000. टेलार्कनं आपल्या साउंडस्ट्रीम फितींपैकी काही मुद्रणं या शतकात सुपर ऑडिओ सीडीवर पुन्हा काढली. पहिल्या सीडीसाठी ती 44,100 वर उतरवावी लागली होती. या वेळी रूपांतर मूळ 50,000 वरून थेट झालं, आणि 22,050 च्या वरचा जो पट्टा पहिल्या वेळी छाटला गेला होता, तो फितीवर जसा होता तसा बरोबर आला.